फोटोची चौकट आणि गावकूस

खडकीचा फोटो काढ असं कुणी सांगितलं तर कशाचा काढशील, दोस्ता? पुणं म्हटलं की शनिवारवाडा, मुंबई म्हटलं की गेट वे. खडकीला काय? रेल्वे स्टेशन आहे, ऑल सेंट्स चर्च आहे, सॅपर्सचं केंद्र आहे, महायुद्धात मेलेल्यांची दफनभूमी आहे. आणि जिच्यामुळं खडकीत आपली माणसं भाकरीला लागली ती दारूगोळ्याची फॅक्टरी आहे, १८६९ सालापासून. पण तिचा फोटो नाही. प्रतिबंधित ठिकाण, फोटो काढायला सक्त मनाई. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा त्या मनाईच्या पाठीशी उभा आहे. २०२१ साली फॅक्टऱ्यांचं जुनं बोर्ड मोडून सरकारी कंपन्या केल्या, खडकीची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया कंपनीत गेली. मालकाचं नाव बदललं, मनाई राहिली.

मनाईबद्दल माझं भांडण नाही. दारूगोळ्याचा कारखाना काय लग्नाचा मांडव आहे का, कुणीही यावं नि फोटो काढावा. टोचतं ते वेगळंच. माझा आजा त्या फॅक्टरीत होता आणि त्याचा एकच फोटो आमच्या घरात आहे. गेटपासचा. बोटाच्या पेराएवढा, एका कोपऱ्यावर शिक्का, शिक्क्यात अर्धा कान बुडालेला. फॅक्टरीनं माणसाचा फोटो काढला. माणसाच्या फोटोत फॅक्टरी नाही. जन्मभर तो जिथं राबला ती जागा आणि तो, एका चौकटीत कधी आलेच नाहीत.

तिथनं मी हा विषय धरला. शहरातल्या नावाजलेल्या जागांचे, इमारतींचे, स्तंभांचे फोटो कसे काढले गेले, कसे कापले गेले, कसे जोडले गेले, आणि त्यात माणूस कुठं होता. मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करणारा माणूस, कविता लिहिणारा. फोटोग्राफर नव्हे. वाचलं ते रातपाळीनंतर वाचनालयात, आणि कापाकापीचं तंत्र शिकलो ते खडकी बाजारातल्या एका स्टुडिओवाल्या दोस्ताकडून. आपल्या सायक्लोस्टाइलच्या पानावर फोटो उमटत नाही. स्टेन्सिलवर रेघ येते, छटा येत नाही. म्हणून फोटो शब्दांतच सांगतो.

आधी पॅरिसला जाऊन येऊ. १८३८ साली दागेर नावाच्या माणसानं आपल्या खिडकीतून खालच्या मोठ्या रस्त्याचा फोटो काढला. रस्ता गजबजलेला. घोडागाड्या, पादचारी, सगळी वर्दळ. पण फोटोत रस्ता ओस. कारण त्या वेळच्या पत्र्यावर प्रकाश उमटायला काही मिनिटं लागायची. जो हलला तो उमटला नाही. घरं उमटली, झाडं उमटली, चालती माणसं सगळी गायब. एका कोपऱ्यात तेवढा एक माणूस उभा आहे, एक पाय पुढं टाकून. तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलाय. म्हणून उमटला. फोटोत सापडलेली ही पहिली माणसं, असं मानतात. आता त्या गृहस्थाच्या पायाशी नीट बघा. वाकलेला एक ठिपका आहे. तो पॉलिशवाला. तोही उमटलाय, पण धूसर, कारण त्याचा हात चालू होता. पुस्तकांत मान मिळतो तो बूटवाल्याला.

ज्याचं काम चालू आहे तो पुसट, आणि ज्याच्यासाठी काम चालू आहे तो ठळक. हे कॅमेऱ्यानं मुद्दाम केलेलं नाही. काच आणि रसायन जात बघत नाहीत. पण पुढं माणसांनी जे केलं ते मात्र मुद्दाम केलं.

१८५१ साली ओल्या काचेची पद्धत निघाली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो काढून लगेच अंधारात धुवायची. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. काचा, बाटल्या, तंबू, पाणी, सगळं पाठीवर वाहून न्यायला हमाल लागायचे. हिंदुस्थानातले त्या काळचे गडांचे, लेण्यांचे, राजवाड्यांचे फोटो बघताना एवढं ध्यानात ठेवा, की कॅमेऱ्यामागं एक साहेब असला तरी त्याच्यामागं ओझंवाल्यांची रांग होती.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनात फोटोग्राफीचा वर्ग भरला. डॉ. भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण हे आपल्याकडचे पहिल्या फळीतले फोटोवाले. शिकले-सवरलेले, चार पैसे असलेले लोक. याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा गोरा होता, आधी कंपनी सरकारच्या नोकरीत आणि मग फोटोच्या धंद्यात. त्याचं एक दोन भागांतलं पुस्तक आहे, लंडनला छापलेलं, पहिला भाग १८६३ चा आणि दुसरा १८६६ चा. ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे फोटो, सोबत माहिती.

या पुस्तकातली गंमत ऐका. पानावर एका जातीची दोन-चार माणसं उभी आहेत, मागं मुंबईतली एखादी जागा, इमारत नाहीतर देखावा. वाटतं, तिथंच उभं करून काढला. तसं नाही. माणसं वेगळीकडे बसवून त्यांचा फोटो घेतलेला. जागेचा फोटो वेगळा. मग माणसं कातरीनं कापून जागेवर चिकटवलेली, आणि त्या जोडकामाचा पुन्हा फोटो. नीट पाहिलं तर कळतं. माणसाच्या अंगावर उजेड एका बाजूचा, मागच्या इमारतीवर दुसऱ्या बाजूचा. पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत. सावली पडायला पाहिजे तिथं पडत नाही.

शेकडो वर्षं आपल्याकडं जातीनं हेच काम केलं. माणूस त्याच्या जागेवरून उचलायचा, आणि दुसऱ्यानं ठरवलेल्या जागेवर चिकटवायचा. तू इथला, तू तिथला. जॉन्सननं फक्त कातर आणि खळ वापरली.

त्या काळी जोडकाम हा काही एकट्या जॉन्सनचा उद्योग नव्हता. विलायतेत १८५७ साली रेजलँडर नावाच्या फोटोग्राफरनं तीसेक निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र केलं. १८५८ साली रॉबिन्सननं पाच निगेटिव्ह जोडून मरायला टेकलेल्या पोरीचा देखावा केला आणि लोक हळहळले. साध्या इमारतीच्या फोटोतही जोड असायचाच. ओली काच निळ्या रंगाला फार लवकर पकडायची. इमारत उमटेपर्यंत आभाळ जळून पांढरंफटक व्हायचं, वर डाग पडायचे. मग निगेटिव्हवरचं आभाळ काळ्या रंगानं बंद करायचे, किंवा ढगांची दुसरी निगेटिव्ह घेऊन ते ढग वर छापायचे. तेच ढग दहा इमारतींवर. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवणं, खांब खोडणं, हे स्टुडिओत रोजचं काम होतं. म्हणून कुणी म्हणालं की पूर्वीचे फोटो खरे आणि आता संगणक आला म्हणून खोटे, तर त्याला हसा. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. कातर त्याच्या आधी सव्वाशे वर्षं चालत होती.

आता लेण्यांकडं येतो. खडकी स्टेशनातून लोणावळ्याकडं जाणाऱ्या गाडीत बसलं की मळवलीला उतरून कार्ले, भाजे. आपल्या बापाची घरं. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि साहेब लोकांना लेणी जवळ आली. एकोणिसाव्या शतकातल्या लेण्यांच्या आणि देवळांच्या फोटोंत बघाल तर खांबाशी नाहीतर दाराशी एक माणूस उभा केलेला असतो. कधी पागोटं, कधी नुसता पंचा. तो तिथं दर्शनाला आलेला नाही. तो मापाला उभा आहे. खांब किती उंच हे कळावं म्हणून. खाली छापतात लेण्याचं नाव, खांबाचं वर्णन, काढणाऱ्या साहेबाचं नाव. मापाच्या माणसाचं नाव नसतं. फूटपट्टीला कोण नाव विचारतं?

ते फोटो मी तासन्‌तास बघतो. बौद्धांच्या लेण्यात, चैत्याच्या दारात, बिननावाचा एक माणूस ताठ उभा. त्याची जात मला ठाऊक नाही, आणि उगाच ‘तो आपलाच’ म्हणून मी त्याला खिशात घालणार नाही. पण त्याची उभं राहायची तऱ्हा मला ठाऊक आहे. ‘हलू नको’ म्हटल्यावर माणूस जसा उभा राहतो तशी ती आहे.

पुण्यात पर्वती घ्या. पुण्याच्या प्रत्येक कॅलेंडरात पर्वती असते. खालून टेकडी, मधे पायऱ्या, वर शिखर. फोटोच्या हिशेबानं सुरेख जागा. पायऱ्यांची रेघ डोळ्याला हाताला धरून वर नेते. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा दुसरा बाजीराव याच पर्वतीवरून ती पाहत होता. म्हणजे खडकीचं सगळ्यात जुनं ‘दृश्य’ पर्वतीवरून दिसलेलं आहे. बघणारा पेशवा, लांबून, सुरक्षित. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण लागलं. त्यानंतर खडकीत छावणी बसली, साहेबानं तिचं ‘किरकी’ केलं, आणि छावणीच्या कडेकडेनं घोडे, गाड्या, मैला, स्वयंपाक सांभाळणारी वस्ती उभी राहिली.

त्याच पर्वतीच्या पायऱ्यांवर १३ ऑक्टोबर १९२९ ला आपली माणसं चढायला गेली. देऊळ उघडा म्हणून सत्याग्रह. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज पुढं होते, सोबत एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्यासारखी सवर्ण तरुण मंडळीही होती. वरून दगड आले. राजभोज जखमी झाले. देऊळ काही उघडलं नाही. आता पर्वतीचं कॅलेंडर घ्या आणि पायऱ्यांकडं पुन्हा बघा. पायऱ्या मोकळ्या आहेत. सुंदर आहेत. फोटोवाल्यानं पहाटे जाऊन, माणूस येण्याआधी काढल्यात, ‘क्लीन’ फ्रेम मिळावी म्हणून. या पायऱ्यांवर कुणाला चढू दिलं नव्हतं हे त्या फ्रेममधून कळायला काही मार्ग नाही. मोकळी पायरी फार सोज्वळ दिसते.

गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगलाही असाच. १८६४ ला बांधायला घेतला, १८७१ ला पुरा झाला, खर्चावरून विलायतेत ओरड झाली. १९४९ पासून तिथं विद्यापीठ आहे आणि २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीमाईचं नाव आहे. जुने फोटो बघाल तर कोपऱ्यातून काढलेले. दोन बाजू एकदम दिसतात, मनोरा वर निघतो, पुढं हिरवळ. ही इमारतीच्या फोटोची ठरलेली रीत. हिरवळ कापणारा नसतो. याच पुण्यात २ मार्च १८८८ ला ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतिबा फुले शेतकऱ्याच्या वेषात जाऊन उभे राहिले होते. मखमल आणि जरतारीच्या मधे फाटकं घोंगडं. त्या प्रसंगाचा फोटो मी कुठं पाहिला नाही. पण चौकटीत काय घालायचं आणि कुणाच्या शेजारी कुणाला उभं करायचं, याची जोतिबांना किती जाण होती! बाकीचे सजून आले होते, हा माणूस फोटोची मांडणी बदलायला आला होता.

खडकीची दफनभूमी मी वर सांगितली. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक तिथं आहेत, पहिल्या युद्धातल्या १,८०० हून जास्त लोकांची नावं स्मारकावर आहेत. एकेका नावाचा हिशेब ठेवलाय, ही गोष्ट मला आवडते. पांढऱ्या दगडांच्या रांगा, मधे क्रूस. फोटोला गेलात तर गुडघ्यावर बसा, रांगा लांबवर जाऊन मिळताना दिसतात. आणि माळीदादा कात्री घेऊन आत असतील तर त्यांना ‘जरा बाजूला व्हा’ म्हणू नका.

हे ‘जरा बाजूला व्हा’ मी स्वतः ऐकलंय. आमच्या गिरणीत एका वर्षी कॅलेंडरसाठी फोटो काढायचा होता. नाव सांगत नाही, गिरणी कुठलीही असती तरी हेच झालं असतं. गेट, चिमणी, वर निशाण, पुढं कामगार. सगळे उभे राहिले. मग कुणीतरी म्हणालं, झाडूखात्यातल्या बायांनी जरा बाजूला व्हा, हिरवा रंग विटलाय तुमच्या साड्यांचा. बाया झाल्या बाजूला, हसत हसत. कॅलेंडर वर्षभर भिंतीवर होतं. गेटसमोरची फरशी त्यात आरशासारखी चमकते.

आता कोरेगाव. इथं मी जरा थांबणार आहे.

भीमा कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. खडकीच्या लढाईनंतर दोन महिन्यांच्या आत. स्तंभ १८२१-२२ मध्ये उभा राहिला, ६०-६५ फुटांचा, इंग्रजी आणि मराठी लेख कोरलेले. त्यावरच्या नावांत शेवटी ‘नाक’ असलेली २२ नावं आपली. इंग्रजानं तो आपल्यासाठी बांधला, त्याच्या फौजेच्या गौरवासाठी. पण नावं कोरली. लेण्यातल्या मापाच्या माणसाला जे मिळालं नाही ते या २२ जणांना दगडात मिळालं. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्याच इंग्रजानं महारांची भरती बंद केली, ही गोष्ट वेगळी.

महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हा स्तंभ होता. पुढं तो काढला आणि त्या जागी खंजीर आला. एका जागेचं चित्र, एक इंच धातूवर, काढून दुसरं बसवणं. हेही संपादनच. देश स्वतंत्र झाल्यावर कंपनीच्या विजयाचं चिन्ह फौजेनं ठेवू नये, हे कारण समजतं. पण बिल्ल्यावरून गेलेला स्तंभ आपल्या भिंतींवर आला.

भिंतीवर तो येण्याचं मूळ एका फोटोत आहे. १ जानेवारी १९२७. शिवराम जानबा कांबळे आणि पुण्याच्या मंडळींनी बाबासाहेबांना कोरेगावला नेलं. स्तंभापाशी बाबासाहेब आणि भोवती माणसं, असा तो फोटो आहे. तुमच्यातल्या प्रत्येकानं पाहिलाय. आता सांगा, भोवतीची माणसं किती आठवतात? पागोटी आठवतात? कोटावर उपरणं घेतलेला कोण? आठवत नाहीत, कारण आपण जो पाहतो तो बहुधा कापलेला असतो. स्मरणिकेत दोन कॉलमांत बसवायला कडा कापल्या. पोस्टरसाठी आणखी कापल्या. फोनच्या चौकोनात बसवायला तर बाबासाहेब आणि मागं दगड, एवढंच ठेवलेल्या प्रती मी पाहिल्यात. ज्या माणसांनी वर्षानुवर्षं त्या स्तंभाशी जमून बाबासाहेबांना तिथं आणलं, त्यांना छाटणारी कातर या वेळी ना साहेबाची होती ना भटाची. आपल्याच छापखान्यातली होती.

जयंतीच्या बॅनरचं सांगतो. स्टुडिओवाला दोस्त एप्रिल महिन्यात झोपत नाही. बाबासाहेबांचा कोट निळा करायचा, ही पहिली मागणी. मूळ फोटो काळा-पांढरा. निळा कोट हा आपल्या प्रेमाचा रंग आहे, त्याला माझी हरकत नाही, निशाण निळं तसा कोट निळा. मागं संसद, बाजूला चैत्यभूमी, खाली मंडळाची पोरं गॉगल लावून. हेही चालतं. कुणाला खरं वाटत नाही, सगळ्यांना कळतं की हा जोड आहे. अडचण पुढं सुरू होते. एका बॅनरवर मी पाहिलं, बाबासाहेब दीक्षा देतायत, पुढं जनसागर, आणि मागं दीक्षाभूमीचा घुमट. जोड इतका सफाईदार की रेघ दिसत नाही. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. नागपूरचा तो स्तूप लोकांसाठी खुला झाला १८ डिसेंबर २००१ ला. मधे पंचेचाळीस वर्षं. बॅनर फाटतं, पण त्याचा फोटो फोनवरून फोनवर जातो, दहा वर्षांनी कुणीतरी पुस्तकात ‘दीक्षा सोहळ्याचे दुर्मिळ छायाचित्र’ म्हणून छापतं.

मग काय बिघडलं, असं विचारणारे कार्यकर्ते मला भेटतात. बिघडतं ते असं. आपला इतिहास लिहिलेला थोडा आहे. बखरीत आपण नाही, दप्तरात आपण शिक्षा झालेले नाहीतर वेठीला धरलेले. फोटो हा आपला मोठा पुरावा. समोरचा माणूस वाटच बघतोय. त्याला एक खोटा फोटो सापडला की तो १९२७ च्या खऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणणार, हाही जोडलेला. त्याला सिद्ध करावं लागणार नाही, आपल्याला करावं लागेल. १ जानेवारी २०१८ ला, लढाईला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, कोरेगाव परिसरात दगडफेक झाली, जाळपोळ झाली, एक तरुण जिवानिशी गेला. त्या आठवड्यात फोनवर जे फोटो फिरत होते त्यातला कुठला तिथला, कुठला दुसऱ्याच गावचा, कुठला कितव्या सालचा, हे सांगता येत नव्हतं. रागानं आपण सगळेच पुढं ढकलत होतो. फोटोखाली जागा नाही, तारीख नाही, काढणाऱ्याचं नाव नाही. असा फोटो साक्षीला उभा राहत नाही.

मी जोडकामाच्या विरोधात नाही. आजाच्या गेटपासकडं परत बघा. आजी मेली तेव्हा तिचा फोटो फक्त मतदान कार्डावर होता. दोघांचा एकत्र फोटो नाही, लग्नातसुद्धा नाही. माझ्या आईनं दोन्ही चिमुकले फोटो बाजारात नेले आणि स्टुडिओवाल्यानं ते मोठे करून शेजारी शेजारी बसवले. शिक्क्यात गेलेला अर्धा कान त्यानं दुसऱ्या कानावरून उलटा करून लावला. आजाला कोट घातला, आजीला जरीचा काठ. मागं काय ठेवू, असं विचारल्यावर आई म्हणाली, चैत्यभूमी ठेवा, आत्याबाईंची जायची राहिली होती. महाराष्ट्रात असे जोडफोटो लाखो घरांत असतील. जॉन्सननं आपल्या माणसांना विचारलं नव्हतं कुठं चिकटवू. आईनं जागा स्वतः निवडली. कातर तीच, पण ती कुणाच्या हातात आहे यानं फोटो बदलतो. आणि आमच्या घरातलं लहान पोरही सांगतं, की हा जोडलेला फोटो आहे, खरे दोन पेटीत आहेत. खरे दोन पेटीत आहेत म्हणून भिंतीवरच्या जोडफोटोला मी घाबरत नाही.

आता फोनमध्ये बोटानं माणूस पुसायची सोय आली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर फोटो काढा, फोन स्वतःच दाखवतो, मागची ही माणसं पुसू का? तो ज्यांना पुसू म्हणतो ती कोण असतात ते एकदा बघा. फुगेवाला. पाण्याच्या बाटल्या विकणारी बाई. नारिंगी जाकीट घातलेली पालिकेची झाडूवाली. बोट फिरवलं की तिच्या जागी फरशी येते, तिनंच झाडलेली. दागेरच्या पत्र्यावर उमटायला मिनिटं लागायची म्हणून कामकरी माणूस गायब झाला होता. आज क्षणाच्या हजाराव्या भागात फोटो निघतो, ती लख्ख उमटते, तिच्या हातातल्या खराट्याची काडी न्‌ काडी उमटते, आणि मग आपण तिला पुसतो.

येत्या १ जानेवारीला तुमच्यातले कितीतरी जण कोरेगावला जाणार. स्तंभ फुलांनी सजलेला असेल, फोटो काढणारच. थोडं कामाचं सांगतो. स्तंभाच्या पायथ्याशी उभं राहून फोन वर तिरका केला की स्तंभ मागं कोलमडल्यासारखा दिसतो, वर निमुळता होत जातो. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंग वर सरकवून हा तिरपेपणा काढायचे. फोनवर एकच उपाय, मागं जायचं. गर्दीत मागं जा, फोन सरळ धरा, खालची तिसऱ्या हिश्श्याची जागा माणसांना द्या. मग उंचीचं माप आपोआप कळतं, आणि मापाला उभी असलेली माणसं चेहऱ्यासकट येतात. एक फोटो नावं कोरलेल्या पाटीचा जवळून काढा, सकाळच्या तिरप्या उन्हात. डोक्यावर ऊन आलं की कोरीव अक्षरं सपाट होतात. सजवायचा, कापायचा तो फोटो वेगळा करा, मूळ तसाच ठेवा. कागदावर काढलात तर पाठीमागं पेन्सिलीनं लिहा, बॉलपेन पुढं उमटतं. तारीख, जागा, कोण कोण, कुणी काढला. जोडलेला असेल तर ‘जोडलेला’ असं लिहा.

खडकी, दापोडी, बोपोडी, देहूरोड या पट्ट्यातले जुने फोटो मी आणि स्टुडिओवाला दोस्त गोळा करतोय. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली, त्या दिवशी खडकीहून गेलेल्या माणसांची नातवंडं इथं आहेत. त्यांच्या पेट्यांत काही असेल. फॅक्टरीचे पास असतील, चाळीपुढचे फोटो असतील, पडद्यावरच्या ताजमहालापुढं उभं राहून काढलेले असतील. फोटो आम्हाला नकोत, ते तुमच्याच घरी राहू द्या. समोरची बाजू आणि पाठीमागची बाजू, दोन्हींची नक्कल पाठवा. पाठीमागं काही लिहिलेलं नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, कडेला अर्धवट आलेला तो हात कुणाचा, तेही कळवा.